चेहरा आपला, लेखणी कुणाची?

एप्रिल महिना आला की आपल्या मोबाइलवर एक ठरलेला आनंद फिरू लागतो. अमुक मालिकेत 'जय भीम' ऐकू आलं, तमुक वेब सिरीजमध्ये भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर दिसली, एका पात्राने आडनाव न लपवता सांगितलं. स्क्रीनशॉट काढले जातात, स्टेटस ठेवले जातात. आनंद आम्हालाही होतो. ज्यांना शतकानुशतकं वेशीबाहेर ठेवलं, त्यांचं घर दिवाणखान्यातल्या टीव्हीवर दिसणं ही साधी गोष्ट नाही. पण या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ते वाक्य लिहिलं कुणी? तो प्रसंग ठेवायचा की कापायचा, हे ठरवलं कुणी? आणि ज्याने लिहिलं, त्याच्यामागून आपल्यातले आणखी दहाजण लिहायला तयार होत आहेत का?

आमचं म्हणणं असं आहे की पडद्यावरच्या चेहऱ्यापेक्षा कागदावरची लेखणी मोठी, आणि एकट्या लेखणीपेक्षा लेखणी घडवणारी शाळा मोठी. हे म्हणणं नुसतं घोषणा म्हणून राहू नये म्हणून एका माणसाची कारकीर्द समोर ठेवतो. तो आपल्या देशातला नाही. अमेरिकेतला काळा लेखक आहे: सॅम-आर्ट विल्यम्स.

काळ्यांच्या लढ्याशी आपलं नातं नवं नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. १९७२ साली मुंबईत तरुणांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. आपण त्यांचे मोर्चे वाचले, कविता वाचल्या, भाषणं वाचली. त्यांनी टीव्हीच्या कारखान्यात शिरून काय मिळवलं आणि काय गमावलं, ते मात्र आपण फारसं वाचलं नाही. आज ते वाचण्याची वेळ आहे, कारण आपल्या वस्तीतलं प्रत्येक घर आता त्या कारखान्याचं गिऱ्हाईक आहे.

विल्यम्स १९४६ सालचे. नॉर्थ कॅरोलिनातल्या बर्गॉ नावाच्या लहान गावात वाढले. आई शिक्षिका. शिक्षण बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट कॉलेजात झालं, म्हणजे काळ्यांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेत. हा तपशील लक्षात ठेवा, कारण या माणसाच्या आयुष्यात संस्था पुन्हा पुन्हा येते. सत्तरच्या दशकात ते न्यूयॉर्कला गेले आणि निग्रो एन्सेम्बल कंपनीत नट म्हणून दाखल झाले.

ही कंपनी कशी जन्मली, ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावं. १९६६ साली डग्लस टर्नर वॉर्ड या काळ्या नटाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. अमेरिकन रंगभूमी फक्त गोऱ्यांसाठी आहे काय, असा त्याचा रोखठोक सवाल होता. गोऱ्यांच्या नाटकात आम्हाला चांगल्या भूमिका द्या, एवढ्यावर तो थांबला नाही. काळ्यांची स्वतःची, कायमची नाट्यसंस्था हवी, अशी मागणी त्याने मांडली. फोर्ड फाउंडेशनचा पैसा मिळाला आणि १९६७ साली वॉर्ड, रॉबर्ट हुक्स आणि जेराल्ड क्रोन यांनी कंपनी उभी केली. तिथे नाटकं तर होत होतीच, शिवाय नट घडवण्याचे वर्ग होते आणि नाटककारांची कार्यशाळाही होती. बर्गॉहून आलेला नट या कार्यशाळेत बसला आणि लेखक झाला.

आपल्याकडे प्रतिभेबद्दल एक भ्रम पसरवलेला आहे. प्रतिभा जन्मजात असते, कुळात असते, रक्तात असते. हा भ्रम कुणाच्या फायद्याचा आहे, हे सांगायला नको. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत, ज्यांचा मामा संपादक आणि काका निर्माता आहे, त्यांच्या मुलाला मिळालेल्या शिक्षणाला 'प्रतिभा' म्हणतात. आपल्या मुलाला मिळालेल्या संधीला 'सवलत' म्हणतात. वॉर्ड आणि त्याच्या सोबत्यांनी हा भ्रम कृतीने मोडला. त्यांनी खोली दिली, फळा दिला, रंगमंच दिला, चुका करायला वेळ दिला. मग लेखक निघाले.

या कार्यशाळेच्या वातावरणातून विल्यम्स यांचं 'होम' हे नाटक आलं. सुटीत गावाकडे जाताना ग्रेहाउंड बसमध्ये त्यांनी ते लिहायला सुरुवात केली. नाटकाचा नायक सेफस माइल्स नॉर्थ कॅरोलिनातला शेतकरी आहे. हत्या करू नये ही शिकवण तो मनापासून मानतो, म्हणून व्हिएतनामच्या युद्धावर जायला नकार देतो. तुरुंगात जातो, जमीन जाते. मोठ्या शहरात गेल्यावर तिथे चिरडला जातो आणि शेवटी मातीकडे परततो. १९७९ साली कंपनीने ते रंगमंचावर आणलं. १९८० साली ते ब्रॉडवेवर गेलं, अडीचशेहून जास्त प्रयोग झाले आणि टोनी पुरस्काराच्या सर्वोत्तम नाटकाच्या यादीत त्याला नामांकन मिळालं. गाव, जमीन, तुरुंग, शहर, परतणं. हे वाचताना आपल्या आजोबांची आठवण येत नसेल, तर आपण आपला इतिहास विसरलो आहोत.

इथून पुढे टीव्ही. १९८४ साली अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर, पीबीएसवर, 'सॉलोमन नॉर्थप्स ओडिसी' हा चित्रपट दाखवला गेला. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स, पटकथा लू पॉटर आणि सॅम-आर्ट विल्यम्स यांची. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र काळा नागरिक. १८४१ साली त्याला फसवून पळवलं, गुलाम म्हणून विकलं आणि बारा वर्षं दक्षिणेच्या मळ्यांत राबवलं. हीच कथा पुढे 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' या नावाने २०१३ साली मोठ्या पडद्यावर आली, ऑस्कर जिंकली, आणि जगाला वाटलं की ही गोष्ट आताच सापडली. ती जवळपास तीस वर्षं आधी काळ्या लेखकाने आणि काळ्या दिग्दर्शकाने टीव्हीवर मांडली होती. शोषितांचं काम असं विस्मरणात जातं आणि मग पुन्हा 'शोधलं' जातं. म्हणून आपल्या लेखकांची नोंद आपणच ठेवायची असते.

आता उलट बाजू पाहू. १९७४ ते १९७९ सीबीएसवर 'गुड टाइम्स' ही मालिका चालली. शिकागोच्या सरकारी वसाहतीतलं गरीब काळं कुटुंब. आई, बाप, तीन मुलं, सगळे काळे. म्हणजे चेहऱ्यांचा प्रश्न पूर्ण सुटलेला. मालिकेच्या निर्मात्यांच्या यादीत एरिक माँटी आणि माइक एव्हन्स या दोन काळ्या लेखकांची नावंही होती. पण सूत्रं नॉर्मन लिअर यांच्या कंपनीकडे होती. बघता बघता थोरल्या मुलाचं, जे.जे.चं पात्र विदूषकी होत गेलं. त्याची दाताड काढून केलेली आरोळी हीच मालिकेची ओळख बनली. आईची भूमिका करणाऱ्या एस्थर रोल यांनी उघड नाराजी व्यक्त केली. बापाची भूमिका करणारे जॉन एमॉस लेखनावरून भांडत राहिले. १९७६ साली त्यांना काढून टाकलं आणि कथेत बापाला मारून टाकलं. पुढच्या वर्षी रोलही बाहेर पडल्या, नंतर परतल्या. ज्या कुटुंबात बाप आहे अशी काळ्या घराची गोष्ट दाखवायची म्हणून ज्या कलावंतांनी हट्ट धरला होता, त्यांच्या डोळ्यांदेखत तो बाप पटकथेतून पुसला गेला. चेहरे आपले असले आणि शेवटचा शब्द दुसऱ्याचा असला की काय होतं, याचा यापेक्षा स्पष्ट धडा आम्हाला माहीत नाही.

या धड्यानंतर दशकभराने 'फ्रँक्स प्लेस' आली. १९८७ साली, पुन्हा सीबीएसवरच. टिम रीड हा काळा नट आणि ह्यू विल्सन हा गोरा लेखक-दिग्दर्शक यांनी मिळून ती काढली. विल्यम्स तिच्या लेखकांच्या चमूत होते. बोस्टनमधला एक काळा प्राध्यापक न्यू ऑर्लिन्सला येतो, कारण दुरावलेल्या बापाचं हॉटेल त्याच्या वाट्याला आलं आहे. विनोदी मालिका, पण मागे हसण्याचा रेकॉर्ड वाजवलेला नाही. कुठे हसायचं हे प्रेक्षकाने ठरवायचं.

या मालिकेतला एक भाग आपण सगळ्यांनी चर्चेला घ्यावा असा आहे. शहरातल्या काळ्यांचा एक प्रतिष्ठित क्लब फ्रँकला सभासद व्हायचं निमंत्रण देतो. फ्रँकला आधी बरं वाटतं. मग कळतं की त्या क्लबात आजवर फक्त उजळ कातडीचे काळे घेतले गेले आहेत. गडद रंगाचा तो पहिलाच असणार. म्हणजे गोऱ्यांनी ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांनीच आपल्या आत आणखी एक दार बांधलं होतं.

मित्रांनो, हे कुणाबद्दल आहे? बाबासाहेबांनी जातीची रचना सांगताना श्रेणीबद्ध विषमतेवर बोट ठेवलं. वरच्याने मारलेली लाथ खालच्याला द्यायची, असा तो जिना. आपल्यात पोटजात बघून सोयरीक ठरत नाही काय? धम्म एक झाला तरी लग्नपत्रिकेआधी 'आपल्यातलेच ना?' हा प्रश्न विचारला जात नाही काय? हा प्रश्न एखाद्या प्रस्थापित लेखकाने मांडला असता तर त्यात टवाळी आली असती, 'बघा, यांच्यातही आहेच की' अशी सुटका शोधली असती. घरातल्या लेखणीने मांडला की त्यात वेदना येते आणि जबाबदारी येते. आपली लेखणी हवी ती फक्त आपली बाजू मांडायला नव्हे. आपली चूक आपल्या तोंडाने, आपल्या भाषेत, शत्रूच्या हातात कोलीत न देता सांगता यावी, यासाठीही ती हवी.

'फ्रँक्स प्लेस'ची समीक्षकांनी वाहवा केली. १९८८ साली एमी पुरस्कार मिळाले. आणि एकाच हंगामात, २२ भागांनंतर, वाहिनीने ती बंद केली. तिची वेळ सारखी बदलली गेली आणि प्रेक्षकांना ती शोधावी लागत होती. गुणवत्तेला न्याय मिळतोच, असं सांगणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देतो. लेखणी आपली, पात्रं आपली, पण वाहिनी दुसऱ्याची. तिथे तुमचं आयुष्य वेळापत्रकाच्या एका फटकाऱ्यावर अवलंबून असतं.

विल्यम्स मात्र तिथेच थांबले नाहीत. नव्वदच्या दशकात त्यांनी 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर', 'मार्टिन', 'हँगिन विथ मिस्टर कूपर' अशा लोकप्रिय मालिकांसाठी लेखक आणि निर्माता म्हणून काम केलं. आपल्यातले काही कडवे साथी इथे नाक मुरडतील. ब्रॉडवेवर युद्धविरोधी नाटक लिहिणारा माणूस विल स्मिथच्या विनोदी मालिकेत काय करत होता? विकला गेला का?

आम्हाला हा आक्षेप मान्य नाही, आणि तो आपल्या चळवळीला महाग पडलेला आहे. पगाराची नोकरी केली म्हणून कुणी गद्दार होत नाही. लेखकालाही घर असतं, आजारपण असतं, म्हातारपण असतं. उपाशी लेखकाचं कौतुक करायला पोटभर जेवलेल्यांना आवडतं. शिवाय त्या काळ्या मालिकांनी शेकडो नटांना, लेखकांना, तंत्रज्ञांना काम शिकवलं. पण त्याचबरोबर दुसरं सत्यही सांगायला हवं. 'फ्रेश प्रिन्स'ची संकल्पना मांडणारं जोडपं गोरं होतं. काळ्या प्रेक्षकांची संख्या जाहिरातदारांना हवी होती तोवर वाहिन्यांनी काळ्या मालिका काढल्या आणि हिशेब बदलला तशा त्या गुंडाळल्या. बाजार दार उघडतो तेव्हा आत जरूर जावं. ते दार आपल्या मालकीचं झालं, असं समजू नये.

मग मालकीचं काय असतं? इथे विल्यम्स यांच्या कारकिर्दीचा शेवटचा टप्पा पाहावा लागतो, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हॉलिवूडमध्ये नाव आणि पैसा मिळवलेला हा माणूस परत बर्गॉला राहायला गेला. डरहॅमच्या नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटीत, पुन्हा एका काळ्यांच्या विद्यापीठात, त्यांनी रंगभूमी आणि नाट्यलेखन शिकवलं. त्यांच्याच राज्यातली, त्यांच्यासारख्याच गावांतून आलेली मुलं समोर होती. १३ मे २०२४ रोजी वयाच्या ७८व्या वर्षी ते बर्गॉतच वारले. चार दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये 'होम'चे नवे प्रयोग सुरू झाले, ब्रॉडवेवरच्या पहिल्या प्रयोगानंतर ४४ वर्षांनी. त्यांना ते पाहता आले नाहीत.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण दरवर्षी भाषणात वापरतो. 'पे बॅक टू सोसायटी' हे शब्द आपल्या बॅनरवर असतात. पण परतफेड म्हणजे वर्गणीची पावती, असा अर्थ आपण लावून घेतला आहे. जयंतीला पाच हजार दिले की फिटलं. विल्यम्स यांनी जी केली ती खरी परतफेड: ज्या प्रकारच्या संस्थेने आपल्याला घडवलं, तसल्याच संस्थेत जाऊन आपलं कसब पुढच्यांच्या हातात देणं. पैसा वाटला की संपतो. कसब वाटलं की वाढतं.

आपल्याकडे याची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. आंबेडकरी जलशांनी गावोगाव जे काम केलं, ते करायला कुठल्या वाहिनीची परवानगी लागली नव्हती. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं, आणि त्याच आवारात म. भि. चिटणीसांच्या 'युगयात्रा' नाटकाने दलित रंगभूमीची वाट मोकळी केली. १९७९ साली, म्हणजे न्यूयॉर्कला 'होम' रंगमंचावर आलं त्याच वर्षी, पुण्यात भि. शि. शिंदे यांनी दलित रंगभूमी ही संस्था सुरू केली. प्रेमानंद गज्वी, दत्ता भगत यांनी नाटकं लिहिली. म्हणजे आपल्याकडे कंपनी होती, कॉलेज होतं, नाटककार होते. तुटला तो पुढचा दुवा. रंगभूमीवरून टीव्हीच्या टेबलापर्यंत जाणारा आणि तिथून परत कॉलेजात येणारा रस्ता आपण बांधला नाही.

त्याचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत. २०१९ साली बाबासाहेबांवर मराठी आणि हिंदीत दैनंदिन मालिका सुरू झाल्या. लाखो घरांनी त्या पाहिल्या, मुलांनी संवाद पाठ केले. हे यश आम्ही नाकारत नाही. पण दैनंदिन मालिका म्हणजे आठवड्याला पाच-सहा भाग. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि सगळ्यांच्या वर चॅनेलचा माणूस. ज्या समाजाचा हा बाप, त्या समाजातली किती माणसं या प्रत्येक पायरीवर बसली होती, हा प्रश्न आपण किती वेळा विचारला? २०२३ साली 'मेड इन हेवन'मध्ये बौद्ध पद्धतीचं लग्न दिसलं. नीरज घायवान यांनी तो भाग दिग्दर्शित केला, आणि आपण भारावलो. पाठोपाठ लेखिका याशिका दत्त यांनी आपल्या आयुष्याचा आणि लेखनाचा आधार घेऊनही श्रेय दिलं नाही असा आक्षेप घेतला. निर्मात्यांनी तो फेटाळला. आपली समाजमाध्यमं दोन तटांत विभागली. आम्ही इथे निवाडा करत नाही. आमचं निरीक्षण एवढंच की ज्या समाजाच्या वाट्याला वर्षाकाठी एखादाच भाग येतो, त्याची सगळी स्वप्नं त्या एका भागाला लटकतात, आणि सगळी भांडणंही तिथेच होतात. असे पन्नास भाग असते तर वाद झालाच असता, पण घर फुटलं नसतं.

काहीजण म्हणतील, अमेरिकेत प्रश्न वर्णाचा आहे, इथे जातीचा. तुलना कशाला? फरक आहेच, आणि तो आपल्याला जास्त सावध करणारा आहे. काळ्या लेखकाला रंग लपवता येत नाही. तो खोलीत शिरला की सगळ्यांना दिसतो, आणि नसला तर त्याची गैरहजेरीही मोजता येते. आपल्या मुलाला मुंबईत आडनाव गिळता येतं. अंधेरीच्या ऑफिसात तो गावाचं नाव सांगतो, वाडा सांगत नाही. म्हणून इथे आपली गैरहजेरी कुणी मोजत नाही, आणि हजेरीही दिसत नाही. 'कलेला जात नसते' हे वाक्य त्याच ऑफिसात सर्वांत जास्त ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्यांची आडनावं तेवढी एकसारखी असतात.

मग करायचं काय? आमच्या चार सूचना आहेत, चारही आपल्या आवाक्यातल्या.

एक, प्रत्येक मोठ्या जयंती मंडळाने डीजेच्या खर्चातला एक हिस्सा लेखन कार्यशाळेसाठी काढावा. विहारात सतरंजी, फळा आणि आठवड्याचा एक रविवार एवढ्याने सुरुवात होते. वॉर्डच्या कंपनीला फोर्डचा पैसा होता, आपल्याकडे आठ आण्यांच्या वर्गणीवर चळवळ चालवण्याचा अनुभव आहे.

दोन, नाटक, सिनेमा, मालिका, ओटीटी यांत काम करणाऱ्या आपल्या माणसांनी वर्षातले काही दिवस राखून ठेवावेत. पटकथेचा कागद कसा मांडतात, 'वन-लाइन' कशी लिहितात, करारात श्रेयाचं कलम कुठे असतं, लेखकांच्या संघटनेत कथा कशी नोंदवतात, हे मुलांना शिकवावं. सत्कार घ्यायला येता, तसं शिकवायलाही या.

तीन, पडद्यावर काही आपलं दिसलं की आधी श्रेयनामावली वाचावी. कथा, पटकथा, संवाद कुणाचे? निर्माता कोण? स्क्रीनशॉट काढायचा तर त्या पाटीचा काढा.

चार, आपल्या लेखकाला संत किंवा गद्दार या दोनच खुर्च्या देणं बंद करावं. त्याला वाईट मालिका लिहू द्या, शिकू द्या, पडू द्या. त्याच्याकडून फक्त एक वसूल करा: तो वर चढला की शिडी खाली सोडतो की नाही.

टीव्हीचं युग संपतंय, आता रील्स आणि यूट्यूब, असंही कुणी म्हणेल. पडदा बदलेल, मालक बदलतील. गोष्ट रचणारं डोकं आणि ती लिहिणारा हात लागणारच. तो हात कुणाचा असेल, याचा निर्णय मुंबईच्या कुठल्या केबिनमध्ये होणार नाही, असं आपण ठरवलं तर तो आपल्या विहारात होईल, वसतिगृहाच्या खोलीत होईल, मिलिंदच्या आवारात होईल. वामनदादांना वही कुणी दिली नव्हती, तरी ते उभा महाराष्ट्र गात फिरले. आज आपल्याकडे वही आहे, लॅपटॉप आहे, इंटरनेट आहे. नाही ती बसायची जागा आणि शिकवणारा माणूस. ते दोन्ही उभं करणं हे आपलं काम आहे.

जय भीम!